गुलब्याने मामांना विकायला काढले त्याची हकिकत

जुन्नर,
गुरुवार, २० नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप भिमाजीमामांना प्रतिभाचा नमस्कार. पाया पडण्याइतकं जवळ यायची सध्या हिंमत नाही, म्हणून तो लांबूनच.

सतरा दिवस पत्र पाठवलं नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. तुमचा फोन बंद आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं आणि टपालपेटी आमच्या घरासमोरच आहे, तेव्हा सबब काही उरत नाही. रोजनिशी काढून पाहिली. सतरांपैकी चार दिवस मला खरंच काम होतं, एक दिवस ताप होता (बेताचा, काम टाळण्यापुरता), आणि उरलेल्या बारा दिवसांच्या पानांवर 'मामांना लिहिणे' एवढीच नोंद आहे, रोज, त्याच अक्षरात. सेहेचाळीस वर्षांच्या, बी.एस्सी. झालेल्या, दुसऱ्यांना कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईने आपल्या मामाला घाबरावं हे बरं नव्हे. पण घाबरले.

तुमचा गुडघा कसा आहे? निरगुडसरला हवा ओलसर, त्यात पहाटेचं पाणी सोडायला कोणी तुम्हाला बांधावर उभं करत नसेल अशी आशा आहे. अंजना लेकच आहे, ती काळजी घेईलच. तिच्या सासूबाई, म्हणजे तुमच्या विहीणबाई लंकाबाई, तुम्हाला कामाला लावत नाहीत ना? (लावत असतील तर तो त्यांचा हक्क होतो की काय, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. यास्मिन म्हणते, संगणकाच्या दृष्टीने होतो.) लेकीच्या घरी तीन दिवसांच्या वर कधी न राहिलेला माणूस तिथे सतरा दिवस आहे, म्हणजे राग किती असेल हे मला समजतं. तो राग माझ्यावर किती, मामींवर किती आणि गुलब्यावर किती, याची वाटणी मात्र तुम्हीच कळवावी.

आता हकिकत. तुम्ही स्वतः त्यात होतात, तरी पहिल्यापासून सांगते, कारण पहिल्यापासून सांगितल्याशिवाय माझी चूक नेमकी कुठे झाली ते मलाच सापडत नाही.

बेल्ह्याच्या बाजाराला लोक लांबून टेम्पो करून येतात आणि हवा तसा बैल त्या दिवशी आलेलाच नसतो, म्हणून मी आणि यास्मिनने (माझ्या क्लासमध्ये शिकली, आता माझ्या चुका तीच दुरुस्त करते) 'दावण' नावाची वेबसाइट काढली. विकणाऱ्याने आपला बैल आधीच तिथे फोटोसह नोंदवायचा, घेणाऱ्याने घरबसल्या पाहायचा. पहिल्या आठवड्यात एकवीस जणांनी नावं नोंदवली आणि दुसऱ्या आठवड्यात एकवीसही जण पासवर्ड विसरले. यास्मिनने सगळ्यांना समजावलं की पासवर्ड अशा ठिकाणी लिहून ठेवा, जे हरवणार नाही आणि रोज डोळ्यांसमोर राहील. सगळ्यांनी विचार करून तो बैलाच्या शिंगावर ऑइल पेंटने लिहिला. तुम्हीही लिहिलात. पुढे बाजारात बैल विकला गेला की पासवर्डही त्याच्याबरोबर गेला, आणि एक दिवस आळ्याच्या सोमाजीच्या नावावर सोमाजीचंच घर विक्रीला आलं. बैल घेणारा पावणा संगमनेरकडचा होता. त्याने फक्त गंमत केली होती. पण सोमाजीच्या सासऱ्यांनी फोन करून, जावयाचं बरं चाललंय ना, अशी चौकशी केली आणि सोमाजी चार दिवस माझ्याशी बोलला नाही.

तेव्हा यास्मिन म्हणाली, मॅडम, पासवर्डच नको. सगळ्यांची त्या फोटो टाकायच्या कंपनीत खाती आहेतच (नाव लिहीत नाही, चूक त्यांची नव्हे), तर त्या खात्यावरूनच आत घेऊ. मी तुम्हाला हे ओट्यावर बसून समजावलं होतं. आपल्याकडे अनोळखी माणूस दारात आला की आपण आधी विचारतो, कोणाचे तुम्ही? त्याने अमक्याचा म्हटलं की त्या अमक्याला विचारतो, आणि त्याने होय म्हटलं की पाट मांडतो. हेही तसंच. माणूस 'दावण'च्या दारात आला की आम्ही कंपनीला विचारतो, हा तुमच्या ओळखीचा का? कंपनी त्या माणसाला त्याच्या घरी नेऊन विचारते, यांना तुझं काय काय दाखवू? तो जेवढं दाखव म्हणेल तेवढ्याचीच एक चिठ्ठी कंपनी आम्हाला देते. तिला टोकन म्हणतात. पासवर्ड आम्हाला कळत नाही, आणि ठरावीक दिवस झाले की चिठ्ठी आपोआप बाद होते. तुम्ही लगेच म्हणालात, "म्हंजे ओसरीपत्तूर येऊ द्या, माजघरात नको, अशी चिठ्ठी." मामा, मी दोन वर्षं ज्या गोष्टीवर तासिका घेतली ती तुम्ही एका ओळीत सांगितलीत. त्या दिवशी मला वाटलं, आता काही चुकणार नाही.

माझी पहिली चूक त्या चिठ्ठीतच आहे. आम्हाला लागत होतं फक्त नाव आणि फोटो. पण परवानग्यांच्या यादीत तिसरी एक होती, 'तुमच्या वतीने मजकूर टाकू देणे', आणि यास्मिनने ती चाचणीसाठी चालू केली होती. मी ती पाहिली. रोजनिशीत त्या दिवशी असं लिहिलं आहे: 'गरज नसलेली परवानगी मागणं लबाडी आहे का? नंतर विचार करू.' नंतर विचार केला नाही. ओसरीपर्यंत म्हणून शिरले आणि माजघराची किल्ली खिशात घालून बसले, असं झालं.

दुसरी चूक माझ्या अतिकाळजीची. सोमाजीच्या घराचं प्रकरण झाल्यावर मी नियम घातला होता की विकणाऱ्याचं नाव आणि विकायच्या बैलाचं नाव एक असू नये. कोण कोणाला विकतंय ते स्वच्छ दिसलं पाहिजे. या नियमाचा मला अभिमान वाटत होता. (अभिमान वाटला त्या दिवसाचीही नोंद आहे. खोडलेली नाही.)

आणि तुम्ही आलात. गुलब्या तुम्हाला विकायचा नव्हता. तो शर्यतीचा बैल, तुम्ही त्याला धाकट्या मुलासारखा वाढवलेला. पण नवीन दार कोणी तरी आपल्या माणसाने आधी ओलांडावं, भाचीच्या कामाची बोहनी मामानेच करावी, म्हणून तुम्ही गुलब्याला नुसता नोंदवून लगेच काढून घेणार होतात. हे आठवलं की मला पुढचं लिहवत नाही, तरी लिहिते.

तुमचं त्या कंपनीतलं खातं गुलब्याच्या नावाने आहे, हे मला माहीत होतं. माझं तोंड कोण बघणार, म्हणून तुम्ही तीन वर्षांपूर्वीच ते 'गुलब्या भिमाजी गुंजाळ' असं काढलंत, आणि अकरा हजार लोक त्याला रोज पाहतात. हे माहीत असून माझ्या डोक्यात काही पेटलं नाही. कंपनीने तुम्हाला विचारलं की 'दावण'ला तुमचं नाव, फोटो आणि तुमच्या वतीने मजकूर टाकण्याची मुभा द्यायची का. तुम्ही म्हणालात, एवढं अदबीनं कोण इचारतंय आजकाल, आणि होय दाबलंत. पडद्यावर 'नमस्कार, गुलब्या' असं उमटलं. तुम्ही फोन गुलब्याला दाखवलात. इथपर्यंत सगळे आनंदात होते.

मग बैलाचं नाव विचारलं. तुम्ही गुलब्या लिहिलंत. माझ्या नियमाने ते नाकारलं: विकणारा आणि विकला जाणारा एकच असू शकत नाही. तुम्ही चार वेळा प्रयत्न केलात (चारही आमच्याकडे नोंदले गेले आहेत, ते वाचताना मला रडू येतं) आणि पाचव्या वेळी, त्या दाव्याच्या दोन टोकांना एकूण दोनच जीव असल्यामुळे, उरलेल्या जिवाचं नाव लिहिलंत. भिमाजी. ते लगेच घेतलं गेलं. मग वय विचारलं, आणि तुम्ही प्रामाणिक माणूस, नाव आपलं दिल्यावर वय तरी बैलाचं कसं देणार? वय सहासष्ट. दात: वरचे बसवलेले, खालचे घरचे. खांदा: उजवा पावसाळ्यात दुखतो. लाथ मारतो का: नाही. औताला चालतो का: आता होत नाही. खोड: दुपारी पडतो, बोलायला लागला की थांबत नाही. विकण्याचं कारण: भाचीची बोहनी. फोटो काढा म्हटल्यावर, तुमचा कॅमेरा नेहमी आपल्याच तोंडाकडे असतो, त्यामुळे फोटोही नीट आला. विकणाऱ्याचा फोटो चिठ्ठीवरून आपोआप आला, शिंगांना गोंडे लावलेला. सगळं नियमात बसलं. मग 'दावण'ने त्या तिसऱ्या परवानगीने गुलब्याच्या अकरा हजार लोकांना गुलब्याच्या तोंडून कळवलं: 'मी माझा भिमाजी विकायला काढत आहे. चाल बघून खात्री करावी. बेल्हे, सोमवार.'

मी हे पाहिलं तेव्हा सोमवार उजाडला होता आणि तुम्ही मला बाजारात माझ्या टेबलाशेजारी सोबत म्हणून गुलब्याला धरून उभे होतात.

त्या दिवसाचं मी थोडक्यात लिहिणार होते, पण थोडक्यात लिहिलं की मी सुटते, म्हणून सविस्तर लिहिते. पहिले दोघे पावणे आले ते फोटो आणि तुम्ही यांचा मेळ घालून बघत राहिले. तिसऱ्याने तुमचा ओठ वर करून खालचे दात मोजले आणि "घरचेच हायेत, खोटं न्हाई लिव्हलेलं," असं मागच्यांना सांगितलं. चौथा म्हणाला, जरा चालवून दाखवा. मामा, एक गोष्ट मला तुम्हाला विचारायचीच आहे. तुम्ही का चाललात? कोणी तुम्हाला ओढत नव्हतं. तुम्ही माझ्या टेबलापासून पाण्याच्या टाकीपर्यंत गेलात, वळलात आणि परत आलात, गुडघा दुखत असूनही ऐटीत. मला वाटतं पावण्यांनी मागितलेली गोष्ट नाकारायची तुम्हाला सवयच नाही. किंवा माझी बोहनी हसण्यावारी जाऊ नये म्हणून. दोन्हींपैकी काहीही असलं तरी दोष माझाच.

मग लंकाबाईंचा टेम्पो आला. त्या गुलब्याच्या खात्याच्या जुन्या चाहत्या, हे मला नंतर कळलं. व्याह्याची चेष्टा करायची अशी संधी कुठल्या विहिणीने सोडली असती? त्या तोंडावरची रेषा न हलवता उतरल्या, हातात नवंकोरं दावं. तुम्हाला रामराम घातला नाही. मला विचारलं, "फोटोतलं हेच का? फोटोत जरा भरल्यालं दिसतंय. खातंय काय?" तुम्ही म्हणालात, "काय दिशीला ते." त्या म्हणाल्या, "बिबट्या आला तर पळतंय का वरडतंय?" तुम्ही म्हणालात, "वरडत वरडत पळतंय." बाजार हसून लोळायला लागला आणि तुम्हीही हसलात, मामा. तिथवर तुम्ही हसत होतात, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

सौदा रीतीनेच व्हायला हवा, असं लोक म्हणाले. रुमालाखाली बोटं धरून भाव करायचा तर विकणारा कोण? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पडद्यावर पाहिलं आणि खरं ते सांगितलं: गुलब्या. (इथे मी खोटं बोलले असते तर सगळं थांबलं असतं. तीन दिवस हाच विचार करते आहे की खरं बोलणं आणि शहाणं असणं यांत माझ्याच वाट्याला निवड का यावी.) तुम्हीच खांद्यावरचं उपरणं काढून गुलब्याच्या डाव्या शिंगावर टाकलंत, लंकाबाईंनी खाली हात घातला, गुलब्याने तीनदा मान हलवली, चौथ्यांदा माशी उडाल्यामुळे असेल, हलवली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सौदा पटला.

आणि तेव्हा मी मामींना फोन केला. मला वाटलं, मामी रागावतील, दोन शब्द सुनावतील आणि चेष्टा तिथेच मिटेल. आवाज मोठा ठेवला होता, हे माझं तिसरं पाप. मी म्हटलं, मामी, मामांना गिऱ्हाईक आलंय, काय करू? मामी चूल सारवत असाव्यात. त्या म्हणाल्या, "मंग दे की. पर गुलब्याला येळंवर घरी धाड, त्याला पानी पाजायचं ऱ्हायलंय."

बाजार परत हसला. तुम्ही हसला नाहीत. मी तुमच्याकडे बघत होते म्हणून मला दिसलं. कोणीतरी म्हणालं, आता रीतीप्रमाणे जुनं दावं विकणाऱ्याच्या दारात राहायला हवं. बैल विकला तरी आपलं दावं आपण सोडून घरी आणतो, नवं दावं घेणाऱ्याचं. आणि बैल परत फिरवायचा झाला तर तेच जुनं दावं पुन्हा त्याच्या गळ्यात घालतात. तुम्ही म्हणालात, "उपरनं ऱ्हाऊ द्या शिंगावर, त्येच माझं दावं." मग लंकाबाईंच्या हातातलं नवं दावं स्वतःच्या हातात घेतलंत आणि टेम्पोत चढून ड्रायव्हरशेजारी बसलात. लंकाबाई गडबडल्या, त्यांनी गंमत केली होती. "अवो पावणं, उतरा की," असं त्या दोनदा म्हणाल्या. तुम्ही म्हणालात, "सौदा म्हंजे सौदा," आणि काच वर केलीत.

सध्याची स्थिती अशी आहे. गुलब्या खातो, पितो, पण उपरण्याला हात लावला की शिंग रोखतो, त्यामुळे ते सतरा दिवस तसंच आहे. दुपारी तुमच्या बाजेशेजारी येऊन उभा राहतो आणि मामी त्याला म्हणतात, "बघतोस काय, तूच इकलास." मामी माझ्याशी नेहमीसारख्या बोलतात. भाकरी मात्र तुमच्या हिशेबाने थापतात आणि उरलेली गुलब्याला घालतात, आणि गुलब्या जाड होत चालला आहे. मी एकदा म्हटलं, मामी, त्या दिवशी तुम्ही असं का म्हणालात? त्या म्हणाल्या, "मला काय म्हाईत, समदा बाजार ऐकतुया?" म्हणजे तेही माझ्याच खात्यावर.

तुमची नोंद 'दावण'वर अजून दिसते आहे. 'व्यवहार अपूर्ण, विकणाऱ्याची अंतिम संमती बाकी.' चौकशा येतात. यास्मिन म्हणते, एक ओळ आहे मॅडम, पुसू का? मी नको म्हटलं. लोकांनी भरलेल्या माहितीला आम्ही हात लावणार नाही, असा मीच पहिल्या पानावर शब्द दिला आहे. मामांसाठी शब्द मोडला तर उद्या मेव्हण्यासाठी मोडेन. (हे तत्त्व आहे की हट्ट, ते रोजनिशीत सात पानं लिहूनही ठरलं नाही.) ती तिसरी परवानगी मात्र काढून टाकली आहे. आता आम्ही ओसरीपर्यंतच येतो.

मोठ्या मनाने माफ करावं. अंजनाला आशीर्वाद, लंकाबाईंना नमस्कार सांगावा आणि त्यांचं दावं जपून वापरावं.

तुमची भाची,
प्रतिभा

ता. क. १: एक लहानशी विनंती. नोंद काढायची तर गुलब्याच्या खात्यावरून नव्याने आत यावं लागेल, आणि त्यासाठी कंपनी तुमच्या फोनवर सहा आकडे पाठवते. फोन दोन मिनिटं चालू करून ते आकडे मला कळवाल का? हे पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. (आत्ताच रोजनिशी पाहिली. सहाव्या दिवसापासून 'मामांना लिहिणे' याच्यापुढे कंसात 'सहा आकडे' असं आहे. म्हणजे थोडंसं त्यासाठी लिहिलेलं आहे.)

ता. क. २: आकड्यांची गरज नाही. पाकीट बंद करण्याआधी मामींकडे गेले होते. आज त्यांनी गुलब्याला कोंड्याची पाटी दाखवून ते उपरणं काढलं, धुवायला. खाली डाव्या शिंगावर तुमचा पासवर्ड जसाच्या तसा आहे. यास्मिनला विचारलं, ती म्हणाली, गुलब्याच्या खात्यालाही मामांचा हाच असणार, त्यांच्याकडे दुसरा कुठला? पासवर्ड असला की आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर आकडे लागत नाहीत, कारण खातं मुळात तिथेच उघडलं होतं. तरी मी तो वापरणार नाही, आणि काय आहे तेही इथे लिहिणार नाही. त्यात मामींचं नाव आणि तुमच्या लग्नाचं साल आहे, एवढंच सांगते. (लिहिलंच की. आता तो बदलावा लागेल.)

ता. क. ३: मामींनी तो वाचला. दोनदा वाचला, दुसऱ्यांदा शिंगाला हात लावून. मग बराच वेळ उपरणं पिळत बसल्या. म्हणाल्या, "त्रेचाळीस वर्सांत मला निस्तं 'अगं' म्हनलं ह्या मानसानं, नावानं हाक न्हाई मारली. आन् हितं बैलाच्या शिंगाव चिमा लिव्हून साऱ्या तालुक्यात हिंडावलंय." मी विचारलं, मामांना काही निरोप? त्या म्हणाल्या, "माजा काय निरोप न्हाई. उपरनं वाळलं की न्हेऊन दे. गळ्यात घालायचं का न्हाई ते त्यांचं त्यांनी बघावं." आणि मला बाजूला करून ते उपरणं दोरीवर उन्हाच्या बाजूला टाकलं.

तेव्हा हे पत्र आता टपालात टाकत नाही.

उद्या: उपरणं वाळलं का पाहणे, घडी करून सकाळच्या एसटीने निरगुडसर.